जानेवारीत एकट्यानं नागटिब्बा: बर्फातल्या डोंगरधारेवर काय सांभाळायचं?

धरमपेठकर:
जानेवारीअखेर उत्तराखंडातल्या पंतवाडीहून नागटिब्बा शिखर (३०२२ मीटर) एकट्यानं, एकाच दिवसात करायचा विचार आहे. चिखलदरा, धूपगड पायाखालचे आहेत. बर्फावर चालायची सवय नाही. मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायच्या छोट्या दातांच्या साखळ्या) पुरतील की क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लांब, धारदार दात) लागतील? आणि परत कधी फिरायचं?

रामटेकवारी:
दादा, आधी घड्याळ, मग स्पाइक. कोरड्या वाटेवर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास धरतात. पाय घोट्यापर्यंत रुतत असेल तर हे दुप्पट करा. गुडघ्यापर्यंत रुतू लागला की त्या दिवशी शिखर सोडा. तिकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून पहाटे टॉर्च लावून निघा आणि दुपारी १ वाजता जिथे असाल तिथून मागे वळा, शिखर समोर दिसत असलं तरी. दुपारी मऊ झालेला बर्फ ऊन सरताच काचेसारखा होतो आणि थकलेला माणूस नेमका तेव्हाच उतरत असतो.

तुडवलेल्या वाटेवर मायक्रोस्पाइक पुरतात. ओल्या बर्फात त्यांच्याखाली गोळा धरतो, मग दात टेकतच नाहीत. काठीनं ठोकून पाडत राहा. कडक, तिरका उतार आडवा कापायचा असेल तिथे स्पाइकवर विसंबू नका. क्रॅम्पॉनला कडक तळाचे बूट लागतात आणि आइस-अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरता यायला हवी. ते शिकल्याशिवाय तिथूनच परत.

सक्करदरा_सायकल:
आपल्याकडची माणसं निघतानाच सगळे कपडे चढवतात. चढावर घाम येतो आणि धारेवर वारा लागला की तोच अंग गारठवतो. थोडं थंड वाटेल इतक्याच कपड्यांत निघा, थांबलात की लगेच जाकीट. सुती काहीच नको, बनियनसुद्धा. उणे ५ अंशात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे १४ जाणवतं. पातळ हातमोजे आत, जाड वर, आणि एक जोडी कोरडी पिशवीत. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, तोंड मोकळं राहतं. फोन आतल्या खिशात. संत्रा बर्फीही तिथेच, नाहीतर दात लागणार नाही. गॉगल विसरू नका. बर्फावरून उलटून येणारं ऊन डोळे भाजतं. सनस्क्रीन नाकाखालीही लावा.

धरमपेठकर:
धारेवर कोणत्या बाजूनं चालायचं? सॅटेलाइट कम्युनिकेटर (रेंज नसताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) न्यावा का?

रामटेकवारी:
वारा ज्या बाजूनं येतो, त्या बाजूनं, माथ्याच्या थोडं खालून. पलीकडे वाऱ्यानं बर्फाचा छज्जा तयार होतो. वरून तो जमिनीसारखाच दिसतो आणि तुटतो तेव्हा कडेपासून बराच आत तुटतो. नागटिब्ब्याची धार बरीच रानातली आहे, तरी झाडं संपली की हे पाळा. ताज्या बर्फानंतर ३० ते ४५ अंशांच्या उघड्या उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी जाऊ नका, हिमस्खलन तिथेच होतं.

कम्युनिकेटर नको. परवान्याशिवाय तो भारतात बेकायदा आहे, जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. नकाशा ऑफलाइन घ्या आणि जातानाच फोनवर वाटेची नोंद (ट्रॅक) सुरू करा, कारण वारा पावलं बुजवतो. मुक्कामाच्या घरी वाट आणि परतीची वेळ कागदावर लिहून द्या. संध्याकाळी ७ पर्यंत आला नाहीत तर त्यांनी ११२ ला फोन करायचा, हे तोंडी पक्कं करा. आणि भाऊ, पहिल्या खेपेला गावातला वाटाड्या घ्याच.