सायकलला हेल्मेट सक्तीचं करा म्हणे!

पांझराकाठ :
कालपासून एक पोस्ट फिरतेय : "शाळेच्या गेटवर हेल्मेट नसेल तर सायकल आत घेऊ नका, महिन्याभरात डोकी वाचायला लागतील." खाली नुसते अंगठे आणि जोडलेले हात. हेल्मेटची चाचणी कशी होते एवढं तरी वाचायचं लिहिण्याआधी! सायकल-हेल्मेटचं युरोपचं मानक ईएन १०७८ घ्या. डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर हेल्मेट चढवून साधारण दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर सोडतात. आदळतानाचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जरासा आत. ठोकळ्याला बसलेला धक्का २५० जीच्या (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटीच्या) आत राहिला की पास. अमेरिकेत उंची दोन मीटर, मर्यादा ३०० जी. धुळे-शिरपूर हायवेवर मागून येणारा कंटेनर यात कुठे बसतो? वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, तिथे अडीचशे-तीनशे ग्रॅमचा थर्माकोल काय करणार?
आणि सक्तीच हवी असेल तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने ती १९९० मध्येच केली. नंतर मेलबर्नमध्ये मोजणी झाली तर किशोरवयीन सायकलस्वारच घटलेले. नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलवर हेल्मेट क्वचितच दिसतं, तरी तिथे म्हातारी माणसंसुद्धा बिनधास्त फिरतात, कारण ट्रॅक वेगळे आहेत.

अनेरथडी :
दादा, कंटेनरचं नाव घेतलं की वाद जिंकला, असं नसतं. सायकलवाला बहुतेक वेळा एकटाच पडतो. डांबरावर पसरलेला मुरूम, खड्डा, आडवं आलेलं कुत्रं, केळीच्या गाडीतून गळालेली ओली पानं. डोकं जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर असतं आणि तिथून खाली येताना जमिनीच्या दिशेने वेग होतो ताशी २० च्या आसपास. म्हणजे नेमका चाचणीतलाच.
थर्माकोल म्हणून नाक मुरडू नका. त्याचं काम चेपण्याचंच आहे. दोन सेंटिमीटर चेपला तर डोक्याला थांबायला दोन सेंटिमीटर मिळतात, सरासरी धक्का ८० जीच्या घरात. उघड्या डोक्याला कातडी आणि केस मिळून फार तर पाच मिलिमीटर. धक्का चौपट. हिशेब तुमचाच, फक्त पूर्ण केला.
पुरावा हवा तर ऑलिव्हियर आणि क्रेटन या संशोधकांचा २०१६ चा निबंध. ४० अभ्यास एकत्र तपासले, ६४ हजारांवर जखमी सायकलस्वार. हेल्मेट असलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी.

पांझराकाठ :
दवाखान्यात पोचलेल्यांची तुलना आहे ती. हेल्मेट घालणारा बहुधा लाइटही लावतो, आडरस्त्याने जातो, अंधार पडायच्या आत घरी येतो. श्रेय सगळं हेल्मेटला! शिवाय इंग्लंडच्या इयन वॉकर या संशोधकाने सायकलला सेन्सर बसवून सुमारे २,३०० गाड्यांचं अंतर मोजलं. हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून जायच्या. तो निबंध २००७ चा.

अनेरथडी :
२००७ वर थांबलात. त्याच आकड्यांची २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात फेरतपासणी झाली. एक मीटरच्या आत घुसणाऱ्या गाड्यांत हेल्मेटमुळे फरक सापडला नाही. दीड मीटरवरून जाणारी गाडी आठ सेंटिमीटर सरकली तर कुणाचं काय बिघडतं?

डांडीब्रेक :
काय भो, दोघं इंग्लंड-ऑस्ट्रेलिया करत बसलात. हेल्मेट पडल्यावरचं औषध आहे. पाडतंय कोण ते बघा. शहाद्याकडे ऊसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, आणि त्याच रस्त्यावर सायकलला पण नाही. पूर्वी काळ्या सायकलला डायनॅमो असायचा, टायरवर रोलर घासून वीज करणारा. ६ व्होल्ट, ३ वॉट. पुढचा बल्ब २.४ वॉट, मागचा ०.६. बॅटरी नाही, चार्जिंग नाही.

भुसावळ_यार्ड :
आणि क्रॉसिंगवर थांबलं की अंधार, तेही सांगा. पुढचा बल्ब उडाला की सगळा करंट मागच्याला, तो पण त्याच क्षणी फुस्स. पावसात रोलर घसरतो. डायनॅमो गेला ते बरंच झालं.

डांडीब्रेक :
घसरतो कारण बसवता येत नाही कुणाला. डायनॅमोच्या दांड्याची रेष चाकाच्या हबच्या मध्यातून गेली पाहिजे. तिरका बसला की टायरची बाजू खातो, आवाज करतो आणि पॅडल जड होतं. दिवा मिणमिणला की लोक बल्ब बदलतात. दोष अर्थिंगचा असतो! परतीचा करंट फ्रेममधून जातो, म्हणून क्लॅम्पचा टोकदार स्क्रू रंग फोडून लोखंडाला भिडला पाहिजे. गंज धरला असेल तर पॉलिश पेपर मारा, नाहीतर सरळ दुसरी वायर ओढा.

भुसावळ_यार्ड :
एवढ्या खटाटोपापेक्षा एलईडी लावा ना. पेन्सिल सेलवर आठवडे चालतो, थांबल्यावर पण पेटतो. फक्त सीटखाली लावू नका. कॅरिअरवर चाऱ्याचा भारा किंवा दप्तर आलं की झाकला. कॅरिअरच्या शेवटच्या पट्टीला किंवा मडगार्डला लावा. आणि लुकलुकता ठेवू नका, मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. जर्मनीत लुकलुकणारा चालत नाही तो उगाच नाही.

डांडीब्रेक :
सेल संपला की महिनाभर तसाच. रिफ्लेक्टर तरी पुसतं का कुणी? पॅडलचे पिवळे रिफ्लेक्टर वर-खाली हलतात म्हणून लांबूनच सायकल ओळखू येते. नव्या सायकलवर पहिले तेच तुटतात.

पांझराकाठ :
धागा हेल्मेटचा आहे! तरी बरं झालं, माझंच म्हणणं सिद्ध केलंत. आधी दिसणं, मग डोकं.

अनेरथडी :
काहीही सिद्ध झालेलं नाही. दिवा लावला म्हणून खड्डा बुजतो का? दिव्याच्या आड लपू नका.

यावलची_ताई :
भाऊ, आते तरी ऐका. गेटवर उभा राहणारा शिपाई बघणार काय? आयएस ४१५१ मोटरसायकलच्या हेल्मेटचा शिक्का आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पण मोटरसायकलचंच. सक्ती झाली की पोरं वडिलांचं किलो-सव्वाकिलोचं हेल्मेट घालून येतील, मेमध्ये, ४५ डिग्रीत.
सायकलचं घेतलं तरी आपल्या मुली उन्हामुळे सुती स्कार्फ दुहेरी गुंडाळतात. त्यावर हेल्मेट घसरून मागे जातं आणि कपाळ उघडं पडतं. कपाळच तर आधी आपटतं. स्कार्फ एकेरी आणि पातळ ठेवा, टेपने घेर त्यावरूनच मोजा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. दोन्ही पट्ट्या कानाच्या पाळीखाली जुळल्या पाहिजेत, हनुवटीखाली एकच बोट जावं. अंबाडा असेल तर मागची पकड बसत नाही, वेणी खाली सोडा. मग हेल्मेट हाताने हलवून बघा. हेल्मेटसोबत कपाळाची कातडी सरकली तर माप बरोबर. आणि ते बंद कारच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी फेका, चेपलेला फोम परत फुगत नाही.

पांझराकाठ :
म्हणजे ताई सक्तीच्या विरोधात. लिहून ठेवा कुणीतरी.

यावलची_ताई :
सक्तीच्या विरोधात, हेल्मेटच्या नाही. तुम्ही दोन्हींची खिचडी केलीय पहिल्या ओळीपासून.

अनेरथडी :
बरोबर. गेटवरच्या सक्तीचं मी पण कुठे बोललो? कोर्टात थर्माकोलला उभं केलं ते दादांनी.

पांझराकाठ :
ठीक आहे, एकट्याने पडणाऱ्याचं डोकं हेल्मेट वाचवतं. झालं समाधान? आता हायवेवरच्या मागून बसणाऱ्या धडकेचं उत्तर द्या. ते अजून कुणीच दिलेलं नाही.

डांडीब्रेक :
दिलं की. मागचा दिवा. ०.६ वॉटचा.

भुसावळ_यार्ड :
एलईडी!