काळजीवर कृतज्ञतेचा उतारा : तुमचा अनुभव काय?

मंडळी, रोजची काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मोठ्या संकटांबद्दल बोलत नाहीये, ती आली की आपण निभावून नेतोच कसंतरी. ही किरकोळवाली. फोन उचलला नाही म्हणजे काहीतरी झालं असणार, बॉसचा नुसता 'वेळ आहे का?' असा मेसेज आला म्हणजे नोकरी गेली, डावीकडे जरा कळ आली म्हणजे संपलंच. मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी.

हल्ली जिकडेतिकडे ग्रॅटिट्यूड चालू आहे. आभार माना, वही घाला, सगळं छान होईल वगैरे. त्या गोडगोड पोस्टींचा मला वैताग येतो, पण मुळातला प्रयोग काय होता ते शोधून वाचलं तर तो अगदीच साधा निघाला. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलफ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले, दहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहायचं. एकाने आभार वाटावेत अशा पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने ज्यांचा त्रास झाला त्या, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते. आभारवाला गट पुढच्या आठवड्याबद्दल जास्त आशावादी निघाला, दुखण्याखुपण्याच्या तक्रारीही त्यांनी कमी सांगितल्या. 'पुढच्या आठवड्याबद्दल' हे वाचून मी तिथेच थबकले, कारण माझी काळजी कायम तिथेच राहायला असते.

म्हणून हा धागा. प्रवचन नको, सुविचार नकोत, तुम्ही नक्की काय केलंत, कधी उपयोग झाला आणि कधी अजिबात झाला नाही तेवढं लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तरी चालेल.

निळी शाई :
मी वहीवाली, त्यामुळे आधी नंबर लावते. सुरुवातीला रोज तेच तेच, आईवडील, तब्येत, डोक्यावर छप्पर, शाळेतला हजेरीपट भरावा तसं. लिहिताना डोक्यात दुसरंच चालू, उद्याच्या मीटिंगचं. मग एका मैत्रिणीने सांगितलं की आज घडलेलंच लिही आणि ते का घडलं तेही लिही. म्हणजे 'माणसं चांगली आहेत' असं मोघम नाही, तर 'लिफ्ट बंद होती, वरच्या मजल्यावरच्या मुलाने न सांगता माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या. का? मला धाप लागलेली त्याला दिसली म्हणून.' हे 'का' फार कामाचं आहे हो. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगातही हेच होतं, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण, तेही फक्त एक आठवडा. सहा महिन्यांनी पाहिलं तरी फरक टिकलेला होता, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून चालू ठेवलं त्यांच्यात जास्त.
माझं म्हणाल तर काळजी गेली बिली नाही. पण 'सगळं माझ्या एकटीच्याच डोक्यावर आहे' असं जे सारखं वाटायचं ते कमी झालं, कारण वहीत रोज कोणी ना कोणी माझ्यासाठी काहीतरी उचलताना दिसतं.

रात्रपाळी :
मी नर्स आहे, ड्यूटी रात्रीची, त्यामुळे माझी झोपायची वेळ सकाळची. अंगाचा पिट्टा पडलेला असतो पण डोळे मिटले की सुरू, ते सलाईन बदललं का, चार्टवर नोंद केली का, हँडओव्हर देताना काही राहिलं का. त्या वेळी आभार मानायला गेले तर मन ऐकतच नाही, ते म्हणतं आधी माझं ऐक. मग मी आधी त्याचंच ऐकते. कागद घेते आणि उठल्यावर काय काय करायचंय ते सगळं उतरवते, अगदी 'चप्पल शिवायला टाकणे' सुद्धा. यावर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात प्रयोग झालाय, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी करणारे लोक झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले आणि यादी जितकी बारीक तितकी झोप लवकर.
यादी झाली की त्याच कागदाच्या मागे एक ओळ, रात्रीतली. परवाची ओळ होती, 'कॉट नं. ६ च्या आजींना सुई टोचताना त्यांनीच माझा हात थोपटला.' कागद नंतर फेकून देते. साठवत नाही.

उगाचच :
विरोधी बाकं रिकामी दिसली म्हणून आलो. मला अँक्झायटीचं रीतसर निदान झालेलं आहे, गोळ्या आणि थेरपी दोन्ही चालू, त्यामुळे जरा तिखट लिहितोय. 'बघ तुला किती मिळालंय, लोकांना तेवढंही नसतं' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. त्याने काळजी कमी होत नाही, वरून अपराधी वाटतं, म्हणजे आधी एक दुखणं होतं ती आता दोन झाली. २०२१ मध्ये डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी २७ अभ्यास एकत्र करून पाहिले, साडेतीन हजारांच्या वर माणसं होती त्यात, नैराश्य आणि अँक्झायटीच्या लक्षणांवर या आभाराच्या व्यायामांचा परिणाम अगदी थोडा निघाला. त्यासाठी ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय असेच उपचार घ्या असं त्यांचं सरळ म्हणणं आहे.
आता गंमत अशी की थोडंफार मी स्वतःही करतो. थेरपिस्टने दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायला सांगितलाय, एरवी आली की 'पाच वाजता ये' म्हणून परत पाठवायची. ही पद्धत जुनी आहे, टॉमस बोर्कोव्हेक आणि मंडळींनी १९८३ मध्ये मांडलेली. पाचला बसलो की निम्म्या काळज्या आलेल्याच नसतात. तो अर्धा तास संपला की मग त्या दिवसातलं एक काहीतरी बरं आठवायचं. क्रम उलटा केला की हमखास फसतं. वर रात्रपाळी ताईंनीही तेच लिहिलंय बघा, आधी काळजीला बसायला जागा द्या.

धागाकर्ती :
उगाचच, तुम्ही आलात हे फार बरं झालं. निदान झालेल्या आजारावर वही हा इलाज नाही, हे माझ्याकडून ठळक अक्षरात समजा. घरचे लोक आपल्याला आभार मानायला लावतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना आपली काळजी ऐकायची नसते एवढंच असतं, असा मला दाट संशय आहे.

लेक :
लिहू की नको असं चाललं होतं. बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यापासून त्यांची आंघोळ माझ्याकडे. दिवसभर डोक्यात एकच, पुन्हा आला तर, मी ऑफिसात असताना आला तर, रात्री आला आणि मला कळलंच नाही तर. कृतज्ञता हा शब्द कोणी काढला की राग यायचा, अजून येतो.
आंघोळीच्या वेळी मात्र वेगळं होतं. त्यांच्या चांगल्या हातावर, म्हणजे डाव्या, आधी थोडंसं पाणी ओतते आणि थांबते. ते बोटं हलवून बघतात, जरा विचार करतात आणि मान हलवतात, मग पुढचं ओतायचं. गरम वाटलं तर बोटं आत ओढून घेतात. बोलणं तुटक आहे त्यांचं, पण एकदा मान हलवायच्या ऐवजी 'छान' म्हणाले, अगदी स्पष्ट, आणि मग स्वतःच माझ्याकडे बघायला लागले की हे कोण बोललं. तेवढ्या वेळात मला पुढच्या झटक्याची आठवण नसते, कारण साबण डोळ्यात जाऊ द्यायचा नसतो आणि पाय घसरू द्यायचा नसतो. पाठ पुसताना मनात म्हणते, आजची झाली. वही नाही, यादी नाही. याला ग्रॅटिट्यूड म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

निळी शाई :
लेक, नाव काहीही द्या. माझ्या अख्ख्या वहीत असं एकही पान नाही.

रिटायर्ड हिशेबनीस :
आयुष्यभर ताळेबंद केले त्यामुळे जमेच्या बाजूला लिहायला मला अवघड नव्हतं, पण घरी बसून नुसतं लिहिण्यात काही दम नाही, ज्याचं देणं आहे त्याला ते पोचलं पाहिजे असं माझं मत. निवृत्तीनंतर मला पैशांची काळजी लागली, पुरेसे आहेत हे स्वतःच पुन्हा पुन्हा मांडून बघितलेलं असूनही लागली, आणि दिवसभर कोणाशी बोलणं नाही. तर एक दिवस पहिल्या नोकरीतल्या माझ्या साहेबांना फोन करायचं ठरवलं, ज्यांनी मला काम शिकवलं, आणि नंबर लावण्याआधी चांगला तासभर येरझाऱ्या घालत होतो की ओळखतील का, उसने मागायला फोन केलाय असं तर वाटणार नाही ना, म्हातारपणी हा काय चळलाय असं म्हणतील का, आणि त्यांनी उचलल्यावर पाठ केलेलं सगळं विसरून मी एवढंच म्हणालो की साहेब तुम्ही मला बेरीज खालून वर तपासायला शिकवलंत, मी अजून तशीच तपासतो, तर पलीकडे बराच वेळ आवाज नाही, मग म्हणाले 'अरे, मीसुद्धा', आणि पुढे आम्ही दोघांच्या गुडघ्यांवर बोलत बसलो.
नंतर वाचनात आलं की अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये हेच तपासलंय. आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात तेवढं होत नाही, आणि त्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कमीच धरतो. मात्र सेलिगमन यांच्याच त्या २००५ च्या प्रयोगात अशा प्रत्यक्ष आभारांचा परिणाम सुरुवातीला सगळ्यात मोठा होता पण महिन्याभरानंतर ओसरत गेला, त्यामुळे एकदा करून जन्माची सोय होत नाही. मी अधूनमधून कोणाला तरी गाठतो. यादीतले काही लोक आता राहिले नाहीत, ते एक आहेच.

रविवारची :
मी आठवड्यातून एकदाच लिहिते. रोज लिहायला लागलं की मला ते काम वाटतं आणि कामाची काळजी लागते, झालं मग. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. आळशी लोकांनी हा मुद्दा छापून भिंतीवर लावावा.

दार उघडं :
माझा मुलगा नुकता गाडी चालवायला लागलाय. रात्री यायला उशीर झाला की मी दार उघडून जिन्यात कान लावून उभी. कोणीतरी सुचवलं की जे आपल्याकडे आहे ते नसतं तर, अशी कल्पना कर, म्हणजे त्याची किंमत कळते. हे खरंच संशोधन आहे, २००८ चं, आपली आणि जोडीदाराची भेट कधी झालीच नसती तर काय, असं लिहिणारे लोक भेट कशी झाली ते लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या नात्यावर जास्त खूश निघाले.
तर मी केली कल्पना, आणि रात्रीचे दीड वाजता घामाघूम झाले. कारण काळजीखोर माणसाचं डोकं 'नसता तर' ऐकत नाही, ते 'गेला तर' ऐकतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. आता मी मुलाबद्दल हा खेळ खेळतच नाही, जुन्या, संपलेल्या गोष्टींबद्दलच खेळते. म्हणजे त्या वर्षी ती बदली झाली नसती तर मला गाणं शिकवणाऱ्या बाई भेटल्या नसत्या, असं. बदली होऊन गेलेली आहे, बाई भेटून झालेल्या आहेत, ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही, त्यामुळे भीतीला तिथे शिरायला फट मिळत नाही. मुलगा उशिरा येतो त्या रात्री मी ते गाणं गुणगुणत जिन्यात उभी असते. उभी असतेच, हं.

उगाचच :
दार उघडं, हे 'नसता तर' आणि 'गेला तर' पुढच्या सेशनला थेरपिस्टला ऐकवणार आहे.

फक्त वाचक :
मला काही जमलं नाही. ॲप घेतलं, ते रात्री नोटिफिकेशन पाठवायचं, 'आज कशाबद्दल कृतज्ञ आहात?' आणि मी दचकून उठायचो की ऑफिसचा मेसेज आला. काढून टाकलं. त्या रात्री झोप छान लागली.

शेजारची उशी :
आमच्याकडे माझ्या नवऱ्याला ही सवय लागली आहे आणि त्याला खरंच फरक पडलाय, पूर्वी गॅस बंद आहे का बघायला दोनदोनदा उठायचा, आता उठला तर एकदा. तक्रार तेवढ्यासाठी नाही. दिवा मालवला की तो आपल्या तीन गोष्टी मोठ्याने सांगतो, कारणांसकट, आणि मला नेमकी पहिलीच्या वेळी झोप लागत असते. हुंकार दिला नाही तर 'ऐकतेयस ना?' काल तिसरी गोष्ट होती, 'ही घोरते म्हणजे आहे हे कळतं.' आता यावर चिडायचं तरी कसं? त्याने हे मनातल्या मनात करावं यासाठी कोणाकडे न दुखवणारा काही उपाय असेल तर कृपया सांगा, निळी शाई, तुमच्या वहीचा आकार केवढा आहे?