पेन्सिल, चारकोल, शाई, पेस्टल... माझीच चित्रं पण एका माणसाची वाटत नाहीत

रेघोट्या
नमस्कार मंडळी. मी पेन्सिल, चारकोल, काळी शाई, ड्राय पेस्टल आणि अधूनमधून वॉटरकलर असं सगळंच करते, एकच काही धरून बसले नाही कधी. परवा सगळी चित्रं जमिनीवर पसरून बघितली तर वाटलं ही काय पाच जणांनी मिळून काढलीयेत की काय. पेन्सिलवाली एकदम नीटनेटकी, जपून जपून काढलेली, चारकोलची बिनधास्त, आणि शाईत तर सगळे चेहरे ताठ, पासपोर्ट फोटो काढायला बसल्यासारखे. मैत्रीण म्हणते एक मीडियम पकड, त्यातच हात बसव, नाहीतर स्टाईल बनणारच नाही. खरंय का हे?

अजून एक, चारकोलचं काळं वहीत समोरच्या पानावर उतरतंय आणि पेन्सिलचा गडद भाग फोटोत नुसता चमकतो. काय करायचं?

कोळसेवाला
मैत्रिणीला सांगा जरा दमानं घे :)
पेन्सिल आपण लिहिताना धरतो तशी धरतो, मग सगळं काम बोटं आणि मनगट करतात आणि रेघ आपोआप छोटी, जपून येते. चारकोलची कांडी आडवी धरली की कोपर, खांदा सगळं हलतं. म्हणजे माणूस तोच आहे, हालचाल वेगळी. पेन्सिल एकदा पंजाखाली आडवी धरून बघा, कागद A3 घ्या आणि बोर्ड उभा ठेवा, बराचसा घाबरटपणा तिथेच जाईल.

चमकायचं म्हणाल तर पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या कणांचे पापुद्रे असतात, तुम्ही जितकं दाबून घासाल तितके ते सपाट बसतात आणि उजेड परत फेकतात. त्यामुळे 8B म्हणजे अगदी मऊ, गडद पेन्सिल घेऊन कितीही जोर लावा, चकाकणारा राखाडीच मिळणार. खरं काळं हवं तर तिथे चारकोल पेन्सिल वापरा, पण ते आधी ठरवा, कारण ग्राफाइटने गुळगुळीत झालेल्या जागेवर चारकोल धड बसत नाही, घसरतो. फोटोला फ्लॅश बंद, उजेड बाजूने तिरका येऊ दे.

टाकदौत
मी थोडा मैत्रिणीच्या बाजूने आहे, म्हणजे अर्धा. पाचही माध्यमं ठेवा पण एकाच आठवड्यात पाचही नकोत. एकात जरा मुरलात की दुसऱ्यात जाताना काहीतरी सोबत घेऊन जाता, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून ओळख करून घेत बसावं लागतं.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचं बघा ना. 1484 मध्ये 13 वर्षांचा असताना त्याने आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं ते सिल्व्हरपॉइंटमध्ये, म्हणजे खास लेप दिलेल्या कागदावर चांदीच्या तारेने. ही रेघ खोडरबरने जात नाही. पुढे त्याने वुडकट, म्हणजे लाकडी ठशांची छापचित्रं केली, तांब्यावर कोरीव काम केलं, 1502 चा तो प्रसिद्ध ससा वॉटरकलर आणि गॉशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) रंगवला. ससा आणि ते पोराचं चित्र दोन्ही व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहेत, नेटवर झूम करून बघा. माध्यमं कितीही बदलली तरी बारकावा बघायची नजर तीच आहे.

तुमची शाई ताठ होते त्याचं कारण मला वाटतं तुम्ही आधी पेन्सिलने सगळं पूर्ण करता आणि मग शाईने गिरवता. गिरवलेली रेघ मेलेली असते, सरळ सांगतो. पेन्सिलने फक्त डोकं कुठे, खांदा कुठे एवढ्या खुणा करा, बाकी निबने थेट. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी दुसरी मारा. शाई पिगमेंटवाली, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची घ्या, डायवाल्या म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या बऱ्याच शाया उजेडात फिक्या पडतात. आणि शेलॅक (लाख) असलेली इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये चुकूनही भरू नका, वाळली की पेन कायमचं बसतं, ती टाकासाठीच.

ओला_कागद
समोरच्या पानाबद्दल सांगते. बारीक जळक्या काडीसारखा मिळतो तो विलो चारकोल कागदावर नुसता टेकलेला असतो, फुंकर मारली तरी उडतो. कॉम्प्रेस्ड, म्हणजे दाबून बनवलेल्या चारकोलमध्ये बाइंडर (भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ) असतो म्हणून तो जास्त काळा आणि पुसायला चिवट. दोघांनाही फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणारा स्प्रे, लागतोच. लांबून, पातळ थर, वाळू द्या, परत थर. खिडक्या उघड्या ठेवून मारा, वास डोक्यात जातो. तरी मध्ये ग्लासीन, म्हणजे पातळ गुळगुळीत कागद घालाच, आणि चित्रं एकमेकांवर सरकू देऊ नका.
पेस्टलवर मात्र हात आखडता, फिक्सेटिव्हने फिके रंग गडद होतात, हायलाइट मरतात. मी शेवटचे हायलाइट फिक्सेटिव्हनंतर देते आणि पुढे हातच लावत नाही.

रेघोट्या
टाकदौत, गिरवण्याचं अगदी बरोबर पकडलंत, मी डोळ्यांच्या पापण्यासुद्धा आधी पेन्सिलने काढते 🙈 आता थेट निबने करून बघते. ओला_कागद, वॉटरकलरवर चारकोल चालतो का? आभाळ रंगात आणि झाडं चारकोलमध्ये असं डोक्यात आहे.

ओला_कागद
चालतो की. वॉश, म्हणजे पाणी घालून दिलेला पातळ रंग, पूर्ण वाळला पाहिजे, हात लावून गार लागत असेल तर अजून ओल आहे. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि खरखरीत घ्या, म्हणजे लाटा येणार नाहीत आणि चारकोलला पकडही मिळेल. आधी चारकोल आणि वरून पाणी केलंत तर आभाळ राखाडी होणार. ते पावसाळी आभाळाला भारी दिसतं, पण निळं हवं असेल तर रंग आधी.

कोळसेवाला
आणि चारकोल झाल्यावर कागदाच्या मागून टिचकी मारा, सुटी भुकटी पडून जाते. मगच फिक्सेटिव्ह.