आधी श्वास बघा, मग ताप
‘आमच्यानंतर आलेल्या बाळाला आधी आत घेतलं’ ही हॉस्पिटलात ताटकळलेल्या पालकांची तक्रार समजू शकते, पण इमर्जन्सीत नंबराप्रमाणे घेत नाहीत. ज्याची तब्येत नाजूक, तो आधी. १०३ ताप असून खेळणाऱ्या पोरापेक्षा ताप नसलेलं पण धाप लागलेलं बाळ जास्त काळजीचं. बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजत बसूच नका, हॉस्पिटलला निघा. संध्याकाळी सिंहगड रोडला अडकायची भीती असेल (असतेच!) तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन लावा. आणि मुलाचं ताजं वजन लक्षात ठेवा, औषधांचा डोस त्यावरच ठरतो.