कार्बन फायबर इनटेक घेताय, अस्सल आहे की नाही कसं ओळखायचं?

माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसला इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बसवायचाय, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) आणि पाईप दोन्ही. दोन सेट बघितले, किमतीत दुपटीचा फरक आणि फोटोत दोन्ही सेमच दिसतात हो. हातात घेतल्यावर नेमकं काय बघू?

उत्तर १:
भाऊ आधी आतून बघ, बाहेरून सगळेच चकाचक असतात. बऱ्याचदा वर कार्बनचा एकच थर आणि खाली सगळं ग्लास फायबर असतं, कापलेल्या कडेला किंवा भोकापाशी पांढरट दिसलं की समजायचं. कार्बनच्या धाग्यांची वीण वाकणावर ताणलेली, तुटलेली नको. आणि टॉर्च मारून रेझिनमधे (धागे धरून ठेवणारं, वाळून कडक होणारं प्लास्टिक) बारीक बुडबुडे दिसतात का बघ. वजनावर जाऊ नको फक्त, पातळ बनवला तरी हलकाच लागतो.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे पण माझ्या मते रेझिन जास्त महत्त्वाचं. बॉनेटखाली टर्बोजवळ चांगलीच उष्णता असते, साधं इपॉक्सी रेझिन ६०-७० डिग्रीला मऊ पडायला लागतं, मग क्लॅम्पखाली पाईप दबतो आणि तिथून फिल्टर न झालेली हवा आत. विक्रेत्याला सरळ विचार प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कार्बनचं कापड) ऑटोक्लेव्हमधे, म्हणजे दाबाच्या भट्टीत, क्युअर (कडक) केलंय का आणि किती तापमान सहन करतं, गोलगोल उत्तर आलं तर सोडून दे. माझा आधीचा पाईप असाच अंडाकृती झाला, खूप जीव जळला.

उत्तर ३:
ज्या गाडीत एमएएफ सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) असतो तिथे सेन्सरच्या जागी पाईपचा आतला व्यास ओरिजिनलशी व्हर्नियरने मोजून जुळवा, १-२ मिमीनेही रीडिंग बिघडतं.