पेस्टल हेट पाइड × मोहावे हेट पाइड : सहा अंड्यांतून काय निघेल?

मृण्मयी_लेस्टर
बॉल पायथन, म्हणजे पाळीव अजगर. नर पेस्टल, मादी मोहावे (दोन्ही रंग-नक्षीचे प्रकार, म्हणजे मॉर्फ). दोघंही पाइडसाठी (अंगावर पांढरे भाग असलेला मॉर्फ) शंभर टक्के हेट, म्हणजे पाइड जनुकाची एकच प्रत असलेले, स्वतः पाइड न दिसणारे. सहा अंडी, उजेडात धरली की सगळ्यांत शिरा दिसतात, म्हणजे जिवंत आहेत. चारांत एक पाइड म्हणतात, मग सहांत एक तरी नक्की धरू का? पाइड नसलेली पिल्लं ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकतात, हा आकडा कुठून येतो? पुढच्या हंगामात हिला लेसर (आणखी एक मॉर्फ) नर लावायचा विचार आहे.

सरपटणारे
नक्की धरू नका, ताई. प्रत्येक अंड्याचा हिशेब वेगळा. एक अंडं पाइड नसण्याची शक्यता ३/४, सहाही नसण्याची सुमारे १८ टक्के. पाइड जनुक अप्रभावी, दोन्ही प्रती लागतात. चार शक्यतांतली एक पाइड, ती डोळ्यांना दिसते. ती वगळली की तीन उरतात, त्यांतल्या दोन हेट. म्हणून ६६. पिल्लू मात्र एकतर हेट असतं किंवा नसतं. पेस्टल आणि मोहावे एकाच प्रतीवर दिसतात, त्यामुळे प्रत्येकी निम्मी शक्यता. पेस्टल मोहावे पाइड हवं असेल तर अंड्यामागे १/१६.

कणा_आणि_कात
एक भर. पोटाच्या कडेच्या गडद रेघा बघून ‘हेट आहे’ असं ठरवतात. तो फक्त इशारा, पुरावा नव्हे. खात्री हवी तर पिल्लू मोठं झाल्यावर पाइडशी जोडी लावा. ते हेट असेल तर प्रत्येक अंडं निम्म्या शक्यतेने पाइड, सहांत एकही न निघण्याची शक्यता १/६४. पांढरं किती येईल ते मात्र सांगता येत नाही. एकाच क्लचमध्ये (एका वेळच्या अंड्यांत) नुसता पांढरा पट्टा असलेलं आणि जवळजवळ पूर्ण पांढरं, दोन्ही निघतात. फार पांढऱ्या पाइडमध्ये पेस्टल-मोहावे ओळखायचं तर डोकं आणि उरलेले रंगीत ठिपके नीट बघा.

सरपटणारे
लेसरबद्दल. मोहावे आणि लेसर एकाच जनुकाची दोन रूपं. त्यामुळे चौथा हिस्सा निळ्या डोळ्यांचे पांढरेशुभ्र, चौथा मोहावे, चौथा लेसर, चौथा साधा. असा पांढरा साप पुढे साध्याला लावला तर प्रत्येक पिल्लू मोहावे किंवा लेसर, साधं एकही नाही. लेसरला लेसर मात्र लावू नका, दुहेरी लेसरमध्ये बटबटीत डोळ्यांचा दोष येतो. तुमच्या पाइडच्या कामात हा पांढरा साप अडचणीचाच. सगळं अंगच पांढरं, त्यात पाइड असला तरी कळणार कसा?

मृण्मयी_लेस्टर
मग कुठला नर?

कणा_आणि_कात
साधा पाइड. निम्मी पिल्लं पाइड आणि बाकीची सगळी शंभर टक्के हेट, टक्केवारीचा घोळच संपतो. स्पायडर मॉर्फ मात्र नको. त्याच्या डोकं डुगडुगण्याचा दोष नक्षीच्या जनुकालाच चिकटलेला आहे, निवडीने वेगळा काढता येत नाही. मादीचं वजन पूर्ण भरल्याशिवाय जोडी लावू नका. आत्ताची अंडी ३१ ते ३२ अंश सेल्सियसवर ठेवा, साधारण ५५ ते ६० दिवस. उष्णता फार चढली की कणा वाकडा होतो आणि खापर उगाच मॉर्फवर फुटतं.