मुखवटा एकदा गेला की गेला

मुखवटा घालून खेळणारा अमेरिकन कुस्तीवीर रे मिस्टेरियो याने १९९९ मध्ये लढतीत मुखवटा गमावला आणि २००२ मध्ये परत घातला, म्हणजे ही सगळी नुसती टीशर्ट-खेळणी विकायची युक्ती, असं कुणीतरी म्हटलंय. अमेरिकेतल्या कुस्तीपुरतं मान्य. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या दप्तरात त्याचं ट्रम्प कार्ड (कुस्तीवीरांचे फोटो असलेले खेळायचे पत्ते) होतंच! पण मेक्सिकोत मुखवटा पणाला लावून हरलात तर चेहरा उघडा, आणि खरं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात. तोच मुखवटा पुन्हा घालायचा नाही असा रिवाज.

मेक्सिकन कुस्तीवीर एल सांतोचं उदाहरण बघा. खरं नाव रोदोल्फो गुस्मान. १९४२ पासून चंदेरी मुखवटा. सिनेमांमुळे तो सज्जनांचा कैवारी वाटतो, पण आखाड्यात पहिली वीसेक वर्षं तो 'रुदो', म्हणजे नियम धाब्यावर बसवणारा खलनायक होता. १९५२ मध्ये त्याने ब्लॅक शॅडो या दुसऱ्या मुखवटाधारी कुस्तीवीराला हरवून त्याचा मुखवटा उतरवला. त्याचा वचपा काढायला शॅडोचा जोडीदार ब्लू डेमन उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी त्याने सांतोला हरवलंही. मुखवटा मात्र सांतोने कुणालाच दिला नाही. चारचौघांत जेवायचं तर हनुवटीकडे मोकळा असलेला वेगळा मुखवटा असायचा. १९८४ च्या सुरुवातीला टीव्हीवर त्याने मुखवटा जरासा वर उचलून चेहरा दाखवला, तोही काही क्षणच. नंतर थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीला, हृदयविकाराने गेला. पुरलं तेही मुखवट्यासकट.